जान्यासाठी घेतलेला कामठा

मी चिंचणी सोडली त्या सकाळी आमच्या वाडीच्या फाटकाशी बोईसरहून मागवलेली अँबॅसडर उभी होती. विमानात चिकू नेऊ देत नाहीत हे तीनदा सांगूनही आई करंडी डिकीत ठेवायचा हट्ट सोडत नव्हती. माझे वडील, अण्णा, ओटीवर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी मला एकच सांगितलं, "तिथं कुणाला काही विचारायला लाजू नकोस." आई म्हणाली, "जेवलास की नाही, एवढं तरी लिहीत जा." त्यांची ही दोन वाक्यं मी एकोणीस वर्षं जपली. पण त्या सकाळचं मला आधी आठवतं ते निराळंच.

जान्या विहिरीजवळ उभा होता. बेटेगावच्या मागच्या डोंगरातल्या पाड्यावरून पहाटेच निघून तो चालत आला होता. उजवा हात त्यानं पंच्याखाली धरला होता. माझ्याभोवतीची माणसं जरा बाजूला झाल्यावर तो पुढं आला, डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला, "जा तू, अरू. हिकडचा काय मनात आनू नको. आमी हाव ना." मी मान हलवली. त्याच्याकडं बघितलं नाही. गाडी सुटल्यावर मी रडलो, तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगा घर सोडून जातोय, रडणारच. मी सुटलो म्हणून रडत होतो.

गावी राहिलेली माझी माणसं पत्रातून विचारतात, तू परत का येत नाहीस. माझ्यासारखे जे निघून गेले तेही कधी कधी फोनवर विचारतात. कुणाला काही सांगितलं नाही. आता सांगतो.

जान्याचे वडील शिडवा आमच्या वाडीत कामाला असत. पावसाळ्यात त्यांचं बिऱ्हाड डोंगरात, आपल्या तुकड्यावर नागली-वरी लावायला. दिवाळी झाली की खाली चिंचणीला, चिकू उतरवायला आणि झाडांना पाणी द्यायला. जान्या माझ्याच वयाचा. मी शाळेत जायचो, तो जात नसे, एवढाच मला तेव्हा फरक माहीत होता. तो आमच्या ओटीच्या खालच्या पायरीवर बसून जेवायचा हा दुसरा फरक मला दिसत असून दिसत नव्हता.

आम्ही तेरा-चौदा वर्षांचे झालो तेव्हा शिडवानं जान्यासाठी पहिला कामठा, म्हणजे धनुष्य, करायला घेतला. मी मागं लागलो म्हणून माझ्यासाठीही एक. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, वर्षभर चुलीवरच्या धुरात ठेवलेला बांबू त्यानं माळ्यावरून काढला. आधी आम्हा दोघांना कुडाच्या भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभं केलं आणि सुंभानं माप घेतलं. जान्याचं माप माझ्याहून चार बोटं जास्त भरलं. मग पळसाच्या पानाला भोक पाडून आमच्या हातात दिलं. हात लांब करून त्या भोकातून एक चिकू बघायचा, आणि तो नजरेतून न सोडता पान तोंडाजवळ आणायचं. पान ज्या डोळ्यापाशी येईल तो नेमाचा डोळा. दोघांचाही उजवा निघाला. मग बांबूच्या चार-पाच कांबी आमच्याकडून वाकवून घेतल्या. जी ओढताना माझे दात आवळले ती शिडवानं काढून ठेवली. म्हणाला, "जोर दावायचा नसतो. धरून थांबता आला पायजेल. भेकर काय तुजा जोर बघायला उबा नाय ऱ्हात."

माझा कामठा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. मला नेम कधी जमलाच नाही. जान्याला मात्र जे जमायचं ते मी पुढं कुठंच बघितलं नाही. आमच्या वाडीतल्या उंच झाडावरचा चिकू तो देठावर तीर मारून पाडत असे, फळाला न दुखावता. थंडीत शिडवा आम्हाला डोंगरात न्यायचा. पाणवठ्याच्या वर दगडाआड पडून राहायचं. मला मुंग्या चावायच्या, मी हलायचो, पाण्यावर आलेलं भेकर, ते लहानसं हरीण, भुंकून पळून जायचं, आणि शिडवा माझ्या डोक्यात हलकी टपली मारायचा. जान्या हलायचा नाही. कामठा अर्धा ओढून तो इतका वेळ थांबायचा की मला वाटायचं हा झोपला. एकदा त्यानं एकाच तीरात भेकर पाडलं. त्यातला वाटा आमच्याकडंही आला, आणि आईनं तो मागच्या चुलीवर शिजवला. जान्या त्या दिवशी खालच्या पायरीवर बसून जेवला तेव्हा राजासारखा दिसत होता.

मग डोंगर विरळ होत गेला. शिकार गुन्हा झाली. जंगलातले गार्ड कुणाकडं कामठा दिसला तर मोडून टाकू लागले. इकडं बोईसरला माळरानावर कारखाने उभे राहू लागले, परगावची माणसं आली, चाळी झाल्या, नाक्यावर हिंदी ऐकू येऊ लागली. मी डिप्लोमा करून एका रबराच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. अण्णांनी पेढे वाटले. दोन वर्षांत मी जान्याला तिथं हेल्पर म्हणून लावलं. त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, साखरीशी. शिडवाच्या मनात नव्हतं. तो अण्णांच्या समोर मला म्हणाला, "त्याला मशीनचा काय कळता रे?" मी म्हणालो, "शिकेल की. जंगलात आता राहिलंय काय?"

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

रबर मळायच्या मशीनला दोन मोठे रोल असतात, एकमेकांकडं फिरणारे. त्यांच्यावर एक आडवी सळई असते. धोका वाटला तर ती दाबायची, मशीन जागच्या जागी थांबतं. आमच्या मशीनची सळई सारखी कुणाच्या तरी कोपराला लागून मशीन बंद पडायचं, माल चिकटून बसायचा. म्हणून ती तारेनं बांधून टाकली होती. मी बांधली नव्हती. पण बांधलेली मला रोज दिसत होती. एके दिवशी रोलवर रबराचा गोळा चिकटून बसला. जान्या म्हणाला, "मशीन बंद करून काडू काय?" मला तो माल दुपारपर्यंत द्यायचा होता. मी म्हणालो, "नको, चालू असतानाच काढ. लक्ष ठेवून काढ."

मी वळलो आणि टेबलाशी गेलो. "साहब! हाथ गया, साहब!" असं कोणीतरी ओरडलं तेव्हा माझी पाठ होती. जान्याचा आवाज आलाच नाही. मी धावलो तर तो डाव्या हातानं बांधलेली सळई दाबत होता, पुन्हा पुन्हा दाबत होता.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. म्हणजे मधलं, अनामिका आणि करंगळी. तर्जनी अर्धी राहिली. अंगठा शाबूत राहिला.

चार दिवसांनी मॅनेजरनं एक कागद टाईप करून आणला. कामगारानं सूचना न पाळता, स्वतःच्या हलगर्जीपणानं चालत्या मशीनमध्ये हात घातला, असं त्यात होतं. खाली सुपरवायझरची सही आणि कामगाराची निशाणी. माझी मोठी बहीण अमेरिकेत नर्स होती. तिनं माझे कागद दोन वर्षांपूर्वी भरले होते आणि नुकतंच बोलावणं आलं होतं. मॅनेजर म्हणाला, "चौकशी लागली तर तुम्हाला वर्ष-दीड वर्ष इथून हलता यायचं नाही. बघा." मी बघितलं. सही केली. मग तो कागद घेऊन मीच दवाखान्यात गेलो, कारण जान्यानं दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. त्यानं विचारलं, "काय लिवलाय यात?" मी म्हणालो, "तुझ्या औषधपाण्याचं आहे." त्याचा हात बांधलेला होता. बरोबर आलेल्या कारकुनानं बँडेजमधून वर आलेल्या अंगठ्याला शाई लावली आणि म्हणाला, "चला, अंगठा राहिलाय ते बरं झालं."

यानंतर पाच महिन्यांनी मी चिंचणी सोडली.

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात मला रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम मिळालं. तिकडच्या पहिल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. थंडी होती, भाताला चव नव्हती, रविवारी कपडे धुवायच्या दुकानात मशीनच्या काचेतून गोल फिरणारे कपडे बघत बसायचो. फिरणारं काहीही मी बघू शकत नसे, आणि तरीही बघत बसायचो. आईला लिहीत होतो, जेवलो. जान्याला लिहिलं नाही. त्याला वाचता येत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. माझा धाकटा भाऊ वसंता पत्रातून त्याची खबर द्यायचा. शिडवा वारला. जान्या गवत कापायला जातो. दुसऱ्या वर्षी, एका हातानं विळा चालत नाही म्हणून गवताच्या गाठी वाहायला जातो. मग, साखरीबरोबर वीटभट्टीवर गेला.

तिथं शरद ऋतू आला की अर्धा कारखाना हरणाच्या शिकारीला जातो. रजिस्टरला नाव घालून, परवाना घेऊन, उघडपणे. माझ्याबरोबर डेल नावाचा एक फिटर होता, पोट सुटलेला, भला माणूस. मी त्याला कधीतरी बोलून गेलो होतो की लहानपणी माझ्याकडं बांबूचा कामठा होता. झालं. तिथं राहून मला सात-आठ वर्षं झाली असतील. एका शनिवारी तो मला गाडीत घालून शिकारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. "तुझा पहिला कंपाउंड बो आज घ्यायचाच," म्हणाला.

ते दुकान मी विसरणार नाही. भिंतभर कामठे टांगलेले, पण कामठ्यासारखे न दिसणारे. दोन टोकांना चाकं, मध्ये तारांचं जाळं. दुकानातल्या म्हाताऱ्यानं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला सांगितले आणि टेप लावला. मग तो म्हणाला, दोन्ही हातांची बोटं जुळवून त्यात एक फट ठेव, त्या फटीतून घड्याळाकडं बघ, आणि हात तोंडाजवळ आण. मी आणले. "उजवा," तो म्हणाला. "मला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यानं समजावलं ते असं. पहिला कामठा फार जोराचा घेऊ नकोस, पंचेचाळीस-पन्नास पौंडांची ओढ हरणाला पुष्कळ झाली. आपल्या हातापेक्षा लांब ओढ असलेला घेऊ नकोस, नेम जातो. चाकं गोल असलेला घे, तो गुळगुळीत ओढला जातो. अंडाकृती चाकांचा वेगवान असतो पण नवख्याला झटका देतो. आणि मुख्य गंमत ही की ओढताना सुरुवातीला वजन लागतं, मग चाकं वळली की निम्मं वजन गळून पडतं. पुरा ओढून माणूस आरामात थांबू शकतो. त्यानं माझ्या हातात एक दिला. मी ओढला. अर्ध्यावर दंड थरथरला आणि मग खरोखरच ते वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखं गेलं.

"धरून थांबता आला पायजेल," असं मी मराठीत म्हणालो असणार, कारण डेलनं विचारलं, "काय?"

आणि तेव्हा मला ते दिसलं. काउंटरमागं खिळ्याला चामड्याचे पट्टे टांगले होते, मनगटाला बांधायचे, पुढं पक्ष्याच्या चोचीसारखा लोखंडी चिमटा. मी विचारलं, हे काय. म्हातारा म्हणाला, हे मनगटाला बांधायचं, चोचीत दोरी धरायची, सगळी ओढ मनगटावर येते. बोटांनी दोरी धरायची गरजच नाही. ट्रिगर दाबला की तीर सुटला.

"बोटं लागतच नाहीत?"

"एक लागतं. अर्धंसुद्धा पुरतं," तो म्हणाला आणि हसला.

मी तो पट्टा मागून घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. मग मी म्हणालो, मला कामठा हवाय, पण माझ्या मापाचा नको. ज्याच्यासाठी हवाय त्याचे हात माझ्याहून चार बोटं लांब आहेत. म्हाताऱ्यानं माझी चार बोटं टेपवर ठेवून मोजली, हिशेब केला आणि एक तपकिरी रंगाचा, गोल चाकांचा कामठा खाली काढला. बरोबर डझनभर ॲल्युमिनियमचे तीर आणि तो पट्टा. डेल वाटभर विचारत होता, कुणासाठी. "भावासाठी," मी म्हणालो. तेवढं सांगायला मला लाज वाटली नाही.

दोन-अडीच वर्षं तो कामठा माझ्या तळघरात होता. शनिवारी मी मागच्या अंगणात गवताच्या गाठीवर तीर मारायचो. मला शिकायचं नव्हतं. त्याला शिकवता यावं म्हणून करायचो. माझ्या मनात एकच चित्र होतं. जान्या कामठा ओढतोय. त्यापुढं मी विचारच केला नव्हता. आज वाटतं, मला त्याचा हात परत द्यायचा नव्हता. मला फक्त माझं ओझं निम्मं करायचं होतं.

आई आजारी पडली म्हणून मी अकरा वर्षांनी गावी आलो. विमानतळावर खेळाचं सामान म्हणून पेटी सोडली. चौथ्या दिवशी मी वसंताची मोटरसायकल घेऊन बेटेगावपर्यंत गेलो आणि पुढं पेटी डोक्यावर घेऊन चढलो. वाटेत ओळखीचं जंगल नव्हतं. आमचा पाणवठा होता तिथं मुरूम खणून नेल्याचा खड्डा होता.

जान्या कुडाच्या सावलीत बसून टोपलीला बूड घालत होता, पायाच्या अंगठ्यात कांब धरून. केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखायला क्षणही लावला नाही. "अरू! जाडा झालास रे!" साखरीनं पाणी आणलं. सात वर्षांची मंगली, त्यांची थोरली, दाराआडून बघत होती. मी पेटी उघडली.

त्यानं आधी चाकं फिरवून बघितली, मग तारा बोटानं छेडल्या. "हा कामठा हाय?" मी त्याच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधला. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदा हातात घेत होतो. अंगठ्याच्या बाजूचं मांस कडक झालं होतं, उरलेलं अर्धं बोट आखडलेलं. चोचीत दोरी कशी धरायची ते दाखवलं. त्यानं पेंढ्याच्या उडवीकडं तोंड केलं आणि ओढला. वजन गळून पडलं तशी त्याची भुवई वर गेली. मग तो थांबला. तोच पूर्वीचा थांबणारा जान्या. वारा होता, साखरीच्या हातातलं भांडं वाजलं, तरी तो हलला नाही. तीर उडवीच्या मधोमध पिसांपर्यंत घुसला. त्यानं दुसरा मारला, तिसरा मारला. तिन्हींच्या मध्ये वीतभर अंतर नव्हतं.

साखरी तोंडावर पदर धरून हसत होती आणि रडत होती. जान्या मात्र हसला नाही. कामठा खाली घेऊन त्यानं डोंगराकडं बघितलं.

"आता काय मारू?" तो म्हणाला.

मला कळेना. तो म्हणाला, "भेकर ऱ्हायला नाय रे. पाच वर्सा झाली, मी आवाज पन आयकला नाय."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोलायला गेलो. "जान्या, त्या दिवशीचा तो कागद..."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. पट्ट्याचं बक्कल सोडवायचा प्रयत्न करत होता, माझ्याकडं न बघता. "नक्कल दिलती माज्याकडं. मास्तराकडनं वाचून घेतला व्हता. दवाखान्यातून सुटलो त्याच हप्त्यात."

"म्हणजे मी गेलो त्या दिवशी..."

"तुला जायचा व्हता ना," जान्या म्हणाला. "माजा हात तर गेलाच व्हता. तुजा कशाला घालवायचा?"

साखरीनं भाकरी केली, मी खाल्ली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना मी म्हणालो, हा कामठा राहू दे, नेम धरायला. तो म्हणाला, "सूर्या नदीच्या पल्याड दाट जंगलात अजून असतील. बघीन कवातरी." मी हो म्हणालो. तिकडं जाऊ नकोस, पकडतील, हे मला सुचायला हवं होतं. तिकडं हरीण मारणं शनिवारचा खेळ होता, इकडं गुन्हा होता, हे मला ठाऊक होतं. मी पेटी उचलून दिली त्या क्षणी मात्र मला ते ठाऊक नसल्यासारखं मी वागलो.

त्या हिवाळ्यात वसंताचं पत्र आलं. जान्या सूर्या नदीपलीकडच्या जंगलात तीन दिवस फिरला होता. काही मारलं नव्हतं. परत येताना गार्डांनी धरला. बांबूचा कामठा असता तर मोडून सोडून दिला असता. हे असलं हत्यार त्यांनी कधी बघितलं नव्हतं. प्रकरण वर गेलं. कुठून आणलं, कुणी दिलं, कुणासाठी शिकार करतोस, असं पुन्हा पुन्हा विचारलं. जान्या एकच सांगत राहिला, रस्त्यात सापडला. वसंतानं त्याला विचारलं, अरूचं नाव का नाही सांगत? तर म्हणाला, "तिकडं त्याला तरास व्हईल."

वकिलाचं म्हणणं होतं की देणाऱ्यानं लिहून द्यावं. हे खेळाचं साधन आहे, मी भेट म्हणून दिलं, त्याच्या हाताच्या अधूपणामुळं हा प्रकार निवडला, एवढं. एक कागद आणि खाली सही. बाकी तो बघून घेणार होता.

मी तो कागद लिहिला. तीनदा लिहिला, चांगल्या अक्षरात. त्याच सुमारास माझा तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज आत होता. त्यात एक रकाना असतो, तुमचा कधी कुठल्या गुन्ह्याशी संबंध आला आहे का. बहीण म्हणाली, आता नको, अर्ज मंजूर झाल्यावर पाठव. मी थांबलो. अर्ज मंजूर व्हायला वर्ष लागलं. मी झेंड्यासमोर हात वर करून शपथ घेतली, डेलनं केक आणला. घरी येऊन कागद काढला, आणि आता एवढ्या उशिरा पाठवला तर वर्षभर काय करत होतो असं वसंता विचारेल, या एवढ्याशा लाजेपायी तो परत खणात ठेवला. पहिल्या वेळी मी घाबरून सही केली होती. दुसऱ्या वेळी भिण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

जान्या तारखांना जात राहिला. डोंगरातून खाली, मग गाडीनं तालुक्याला, दिवसभर बाकावर, आणि संध्याकाळी परत. वीटभट्टीवर गेलं तर तारीख चुकते म्हणून तो गावीच राहायचा, आणि साखरी धाकट्याला घेऊन एकटी जायची. हे सगळं मला वसंताच्या पत्रांतून कळत होतं. नंतर नंतर त्यानं लिहिणं बंद केलं. मीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. मी आलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. दहाव्याच्या दिवशी वसंतानं सहज सांगितलं की जान्या आदल्या पावसाळ्यात काविळीनं वारला. दुसऱ्या दिवशी उठून बेटेगावला गेलो आणि चढलो.

घर तेच होतं. अंगणात एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मोहाची फुलं वाळत घालत होती. मंगली. तिनं मला ओळखलं नाही. माझं डोकं पार उघडं झालेलं, चष्मा लागलेला, आणि सात वर्षांच्या पोरीनं एका दुपारी बघितलेला माणूस तिला काय आठवणार? ती म्हणाली, "आय भट्टीवर गेलीय. कोन पायजेल?"

"जान्याचं कळलं म्हणून आलो," मी म्हणालो. "चिंचणीचा आहे मी."

चिंचणी म्हटल्याबरोबर तिनं हात पुसले. "चिंचणीचे हाव तुमी? मंग त्यांना वळखत असाल. अरूभाव. अमेरिकेला असतात ते."

मी म्हणालो, "ओळखतो."

"त्यांना येक सांगाल? बा जायच्या आदी केस सुटली. काय साबीत झाला नाय म्हून सोडला. बा आयला म्हनला, अरूला कळवा. तो तिकडं जिवाला लावून घेत असंल." तिनं थोडं थांबून आठवून पुढचं सांगितलं, जसं पाठ करून ठेवलं होतं तसं. "म्हनावा, कामठा चांगला व्हता. मी तिकडं भेकर बघितला. मारला नाय, पन बघितला. येवडा सांगा."

उन्हात मोहाचा गोड, उग्र वास येत होता. मला फक्त म्हणायचं होतं, मीच तो. दोन शब्द. मी तोंड उघडलं.

"सांगतो," मी म्हणालो.

"नाव काय सांगू आयला? कोन आलता म्हून?"

"चिंचणीहून कुणी आलं होतं, एवढंच सांग."

ती बरं म्हणाली आणि परत फुलं पसरू लागली. मी उतरायला लागलो. पायथ्याला येईपर्यंत मला कुणी हाक मारली नाही.

वाडीतला माझा हिस्सा मी वसंताच्या नावावर करून दिला. तो म्हणतो, दादा, घर तुझंच आहे, केव्हाही ये. तुम्ही सगळेही तसंच लिहिता. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण घर म्हटलं की आता मला आमची ओटी दिसत नाही, चिकूची झाडं दिसत नाहीत, आईसुद्धा दिसत नाही. मला ते डोंगरातलं अंगण दिसतं, जिथं एका मुलीनं मला ओळखलं नाही आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मी बरोबर घेऊन आलो आहे. घराचं म्हणून माझ्याजवळ आता तेवढंच आहे.